एल्ड्रेज, ट्रिनिटी की साधी गाठ? टाय, कापड आणि आपली शैली

धागाकर्ता: काजबटण

गेल्या काही वर्षांत लग्नाच्या रिसेप्शनला गेले की तरुण मुलांच्या गळ्यात एल्ड्रेज आणि ट्रिनिटी या दोन गाठी हमखास दिसू लागल्या आहेत. व्हिडिओ पाहून, आरशासमोर उभे राहून चिकाटीने शिकलेल्या या गाठी असतात. एखादा मुलगा स्वतःच्या पेहरावाला एवढा वेळ देतो, याचा मला मनापासून आनंद वाटतो. तरीही त्यांतल्या बऱ्याच गाठी पाहताना डोळ्यांना काहीतरी खटकत राहते. ते नेमके काय आहे, यावर इथल्या जाणकारांशी सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी या गाठी पाहिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी आधी त्यांची रीत सांगतो. नेहमीच्या गाठीत टायचे रुंद टोक फिरते आणि अरुंद टोक जागेवर राहते. एल्ड्रेजमध्ये हे उलटे असते. रुंद टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत येईल अशा बेताने आधीच कायम करून ठेवायचे. मग अरुंद टोक त्याच्याभोवती फिरवत आणि गळ्यातल्या वेढ्यातून कधी वरून, कधी खालून ओढून घेत एकावर एक तिरपे पेड चढवत न्यायचे. शेवटी जे शेपूट उरते ते मानेच्या बाजूला कॉलरखाली दडवायचे. ट्रिनिटीही अरुंद टोकानेच बांधतात, परंतु तिचे तीन पेड एका मध्यबिंदूकडे वळत मिटतात आणि गाठ समोरून त्रिदल दिसते.

आता यात कापडाचे काय होते ते पाहा. अरुंद टोकाचे कापड एरवी कोणाच्या नजरेस पडत नाही. इथे तेच गाठीच्या दर्शनी भागावर येते. टायवर तिरपे पट्टे असतील तर प्रत्येक पेडावर ते वेगळ्याच दिशेने धावतात, बुट्टे असतील तर अर्धेमुर्धे कापले जातात, आणि सगळी गाठ इतकी गजबजून जाते की कोणता पेड कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे कळेनासे होते. याउलट टाय एकरंगी आणि किंचित झळाळी असलेल्या रेशमाचा असेल, तर प्रत्येक पेडावर उजेड वेगळ्या कोनातून पडतो आणि केवळ छटांच्या फरकाने गाठीची सगळी रचना उठून दिसते. एकच गाठ एका टायवर शोभते आणि दुसऱ्यावर अंगावर येते, ती यामुळे.

माझे मत असे आहे की गाठ कापडाच्या मागोमाग ठरली पाहिजे. आपण मात्र आधी गाठ ठरवतो आणि मग कपाटात जो टाय असेल त्यावर ती लादतो. आपली शैली म्हणून जे काही असते ते हा क्रम पाळण्यातून येते, असे मला वाटते. इतरांना काय वाटते?

प्रतिसाद: त्रिकोणजाळी

विषय आवडीचा आहे, म्हणून त्याची गणिती बाजू थोडी विस्ताराने मांडतो. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतले थॉमस फिंक आणि याँग माओ या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९९९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात टायच्या गाठींवर एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. छातीचे डावा, उजवा आणि मधला असे तीन भाग कल्पायचे, रुंद टोकाची प्रत्येक चाल यांपैकी एका भागात जाते असे धरायचे, एकाच भागात लागोपाठ दोनदा जायचे नाही, आणि एक चाल सदऱ्याच्या दिशेने गेली तर पुढची सदऱ्यापासून बाहेर आली पाहिजे, एवढेच नियम. शेवटी टोक समोरून आडवे नेऊन, खालून वर घेऊन, त्या आडव्या पदराखालून ओवून घ्यायचे. या नियमांनी टायची गाठ म्हणजे त्रिकोणी जाळीवरची एक वाटचाल होते आणि अशा वाटचाली मोजता येतात.

जास्तीत जास्त नऊ चालींची मर्यादा घातली तर तीन चालींची १, चारची १, पाचच्या ३, सहाच्या ५, सातच्या ११, आठच्या २१ आणि नऊच्या ४३ अशा एकूण ८५ गाठी निघतात. आपली नेहमीची फोर-इन-हँड चार चालींची, हाफ विंडसर सहा चालींची आणि पूर्ण विंडसर आठ चालींची. तीन किंवा पाच अशा विषम चालींची गाठ बांधायची असेल तर टाय गळ्यात घालतानाच शिवण बाहेरच्या बाजूला ठेवावी लागते, नाहीतर शेवटी उलटी बाजू वर येते. पाच चालींची प्रॅट गाठ शिकताना नवखा माणूस गोंधळतो तो इथेच. ही प्रॅट गाठ १९८९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली होती.

काजबटण ज्या गाठींविषयी बोलत आहेत त्या मात्र या ८५ मध्ये बसत नाहीत, कारण तिथे अरुंद टोक फिरते आणि ओवण्याची क्रिया मध्येच अनेकदा येते. ही दोन बंधने सैल करून स्टॉकहोममधले मिकाएल वेयडेमो-योहान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा मोजणी केली. २०१४ मध्ये त्यांचा आकडा १,७७,१४७ होता आणि २०१५ च्या प्रसिद्ध निबंधात तो २,६६,६८२ झाला. २००३ च्या ‘मेट्रिक्स रिलोडेड’ चित्रपटातल्या एका पात्राच्या गळ्यातली पेडदार गाठ हे या कामाचे निमित्त होते.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. फिंक आणि माओ मोजणीवर थांबले नाहीत. डाव्या-उजव्या चालींचा तोल आणि गुंफण्याच्या दिशेतली सलगता हे दोन निकष लावून त्यांनी गाठी निवडल्या, तेव्हा रूढ असलेल्या चार गाठी आपोआप त्यात आल्या आणि सहा नव्या देखण्या गाठी हाती लागल्या. रूढ गाठी रूढ आहेत त्या निव्वळ सवयीमुळे नव्हे, असे यावरून म्हणता येते.

प्रतिसाद: डिसेंबरचा_नवरदेव

अगदी वेळेवर धागा निघाला. माझे लग्न डिसेंबरात नाशिकला आहे. रिसेप्शनसाठी गडद निळा थ्री-पीस शिवायला टाकला आहे आणि वाइन रंगाचा साटिनचा टाय घेतला आहे. त्यावर एल्ड्रेज बांधायची फार इच्छा आहे. घरी बांधून पाहिली तर गाठ छान जमते, परंतु थोड्या वेळाने पेड सुटे होऊ लागतात. शिवाय शेपूट फारच तोकडे उरते आणि कॉलरखालून निसटते. माझी उंची सहा फुटांच्या जवळपास आहे. दोष माझ्या बांधण्यात आहे की टायमध्ये?

प्रतिसाद: सुईदोरा

नवरदेव, सर्वप्रथम मनःपूर्वक अभिनंदन. मी शिवणकामाचा व्यवसाय करते आणि पुरुषांच्या समारंभाच्या कपड्यांचे बरेच काम माझ्याकडे येते, त्यामुळे तुमच्या दोन्ही अडचणी ओळखीच्या आहेत. तुमच्या हातात दोष नाही.

पेड सुटतात ते कापडामुळे. बाजारातले स्वस्त साटिनचे टाय बहुतेक पॉलिएस्टरचे असतात आणि त्यांचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की एका पेडाला दुसऱ्याचा आधारच मिळत नाही. रेशमी ट्विल घ्या. त्याच्या तिरप्या विणीमुळे कापड कापडाला धरून राहते. टसरही चालते. त्याच्या खरबरीत पोताला पकड असते, फक्त झळाळी कमी असल्यामुळे पेडांच्या छटा तितक्या स्पष्ट दिसत नाहीत. आतले अस्तर पातळ हवे. जाड अस्तराच्या टायवर एल्ड्रेज बांधली तर गळ्यापाशी गोळा होतो.

शेपटाचा प्रश्न लांबीचा आहे. साधारण टाय १४५ ते १५० सेंटिमीटर लांब असतो. एल्ड्रेजमध्ये रुंद टोक बकलापर्यंत आधीच खर्ची पडते, त्यानंतर मानेभोवतीचा वेढा, आणि जे काही उरेल त्यातच सगळे पेड बसवायचे असतात. उंच माणसाचे धड लांब असल्यामुळे त्याला ही गाठ नेहमी अपुरी पडते. तुमच्या बाबतीत मात्र एक सोय आहे. थ्री-पीसमध्ये जाकिटाखाली टायचे टोक झाकलेले असते, त्यामुळे रुंद टोक बकलापर्यंत न आणता चार बोटे वर ठेवले तरी कोणाला कळणार नाही आणि तेवढी लांबी शेपटाला मिळेल. जाकिटाची बटणे मात्र शेवटपर्यंत लावलेली ठेवा.

नवा टाय घेताना एक परीक्षा करा. अरुंद टोक चिमटीत धरून टाय मोकळा लोंबू द्या. तो सरळ लोंबला तर कापड नीट उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपे, कापलेले आहे. पीळ घेत फिरला तर दुकानदाराला परत द्या. न्यूयॉर्कचे जेसी लँग्सडॉर्फ यांनी १९२० च्या दशकात कापड ४५ अंशांत उरेब कापून तीन तुकड्यांत टाय शिवण्याची पद्धत आणली आणि तिचे पेटंट घेतले. उरेब कापडाला ताण सोसून पूर्ववत होण्याचा गुण असतो. टायच्या मागची लांब, सैल टाक्यांची शिवणही त्यासाठीच असते. गाठ आवळताना तो दोरा आत सरकतो आणि टाय त्याच्यावर थोडा मागेपुढे होऊ शकतो. नक्षीदार गाठीत हा ताण कितीतरी पटींनी जास्त पडतो, म्हणून वाईट शिवलेला टाय अशा गाठीने पहिल्यांदा बिघडतो.

प्रतिसाद: टेम्सकाठी

लंडनमध्ये अनेक वर्षे टाय बांधून कामावर गेलेला माणूस म्हणून थोडा वेगळा सूर लावतो. इथे ज्यांचा पेहराव मला अनुकरणीय वाटला त्यांच्यापैकी कोणाच्याही गळ्यात मोठी गाठ नव्हती. फोर-इन-हँड, किंचित तिरकी, गाठीखाली एक खळी, बस. ड्यूक ऑफ विंडसर यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९३६ मध्ये राजपद सोडलेल्या या गृहस्थांच्या नावाने ती भरदार विंडसर गाठ ओळखली जाते, परंतु त्यांनी स्वतः नंतर खुलासा केला की ती गाठ ते बांधतच नसत. ते साधी फोर-इन-हँडच बांधायचे; फक्त त्यांचे टाय मुद्दाम जाड अस्तर घालून शिवलेले असत, त्यामुळे साधी गाठही भरीव दिसायची. लोकांनी तो भरीवपणा पाहिला आणि तो साधण्यासाठी वेढे वाढवले. काजबटण यांचा मुद्दा याहून चांगल्या रीतीने सिद्ध होणार नाही: जे काम कापडाने करायचे ते लोक गाठीकडून करून घेऊ लागले.

इटलीतही हाच धडा मिळतो. कोमो परिसरात विणला जाणारा ग्रेनेडिन हा जाळीदार रेशमाचा प्रकार पाहिला आहे का? त्याच्या विणीतच इतकी खोली असते की साध्या गाठीलाही बघत राहावेसे वाटते. फियाटचे प्रमुख जान्नी आन्येल्ली मनगटावरचे घड्याळ बाहीच्या कफावर बांधायचे. अशा एखाद्या छोट्या लकबीने माणूस लक्षात राहतो. एल्ड्रेजच्या बाबतीत मला भीती वाटते ती ही की समोरचा आधी गाठ पाहतो, मग पुन्हा गाठच पाहतो, आणि चेहऱ्याकडे त्याचे लक्ष उशिरा जाते.

प्रतिसाद: पेड_आणि_पीळ

टेम्सकाठी यांच्याबद्दल आदर ठेवून असहमती नोंदवतो. साधी गाठ हीच मूळ आणि खरी, नक्षीदार गाठ ही नव्या मुलांची हौस, असे चित्र त्यांच्या प्रतिसादातून उभे राहते आणि इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. फोर-इन-हँड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. तिच्या आधी दोनशे वर्षे युरोपातले पुरुष गळ्याभोवतीच्या कापडाशी जे काही करत होते ते पाहिले तर एल्ड्रेज फारच सौम्य वाटेल. १६९२ च्या स्टीनकर्कच्या लढाईत अचानक हल्ला झाल्यामुळे फ्रेंच अधिकाऱ्यांना क्रॅव्हॅट (टायच्या आधीचा गळ्याचा लांब रुमाल) बांधायला वेळ मिळाला नाही, म्हणून त्यांनी त्याची टोके पिळून कोटाच्या काजात खोवली, अशी कथा सांगतात. पुढे कित्येक वर्षे स्त्री-पुरुष हौसेने त्याच पद्धतीने क्रॅव्हॅट बांधत होते.

१८१८ साली लंडनमध्ये क्रॅव्हॅट बांधण्याच्या निरनिराळ्या प्रकारांवर एक सचित्र पुस्तिका निघाली. त्यात ओरिएंटल, मॅथेमॅटिकल, गॉर्डियन नॉट अशा नावांच्या जोडीला ‘महारट्टा’ नावाचाही एक प्रकार दिला आहे. बारीक मलमलीचे कापड मानेच्या मागून पुढे आणायचे, दोन्ही टोके समोर साखळीच्या कड्यांप्रमाणे एकमेकांत अडकवायची आणि परत मागे नेऊन बांधायची. मलमलीमुळे तो गळ्याला थंड राहतो, अशी त्याची शिफारस होती. ज्या वर्षी पेशवाई संपली त्याच वर्षी लंडनच्या छानछोकी पुरुषांच्या गळ्यात मराठ्यांच्या नावाची गाठ होती, हे वाचून मी थक्क झालो होतो.

आणि साधेपणाचे आद्य पुरस्कर्ते म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या ब्यू ब्रमेल या लंडनच्या जुन्या फॅशनपुरुषाचे काय? त्यांचा क्रॅव्हॅट पांढरा आणि विनानक्षीचा होता हे खरे, परंतु त्याला खळ लावून, हनुवटी हळूहळू खाली आणत हव्या तशा घड्या पाडण्यात त्यांची सकाळ जायची, आणि घडी चुकली की ते कापड बाजूला टाकून नवे घ्यायचे, असे सांगतात. श्रम दोन्हीकडे आहेत. ब्रमेल ते लपवत होते आणि एल्ड्रेज बांधणारा मुलगा ते दाखवतो. दाखवण्यात कमीपणा का मानावा? पुरुषाच्या औपचारिक पेहरावात हाताने काही घडवण्याची ही जवळजवळ एकमेव जागा उरली आहे. आपल्याकडे फेटा बांधणाऱ्याच्या हाताकडे आपण कौतुकाने पाहतो. त्याच कौतुकाचा थोडा वाटा या मुलांनाही मिळावा.

प्रतिसाद: निळा_कोट

चर्चा उत्तम चालली आहे. एक बाजू अजून आलेली नाही, ती मांडतो. टेम्सकाठी ज्या सहजतेचे कौतुक करतात ती सहजता ज्याच्या घरात तीन पिढ्या सूट वापरला गेला त्याला परवडते. ज्यांच्या पूर्वजांना चांगले कापड अंगावर घालण्याचीच मनाई होती त्यांचे टायशी नाते वेगळे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात लुगडे कसे नेसावे, कोणते दागिने टाकून द्यावेत हे तपशिलाने सांगितले, कारण पेहरावावरून जात ओळखू यावी ही व्यवस्था त्यांना मोडायची होती. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या बाबासाहेबांचा स्वतःचा सूट आणि टाय त्याच विचाराचा भाग होता. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पुतळ्यांवर निळ्या कोटाखाली तो टाय आजही कोरलेला असतो.

माझ्या घरात टाय बांधणारा मी पहिला. पदवीदान समारंभाच्या दिवशी वडील माझी गाठ पुन्हा पुन्हा सरळ करत होते. ती कोणाच्या लक्षात येऊ नये असे त्यांच्या मनात मुळीच नव्हते, ती सगळ्यांनी पाहावी असेच होते. म्हणून गाठ आधी दिसली आणि चेहरा नंतर दिसला, तर ते नेहमीच वाईट असते असे मला वाटत नाही. एखाद्याने ठसठशीत, नजरेत भरणारी गाठ निवडली तर त्यामागे काय आहे, हे बाहेरून ठरवता येत नाही. कापड, कॉलर आणि प्रमाण यांविषयी काजबटण आणि सुईदोरा यांनी सांगितलेले मात्र मला पूर्ण मान्य आहे, कारण दिसायचेच असेल तर नीटनेटके दिसले पाहिजे.

प्रतिसाद: काजबटण

निळा_कोट, तुमच्या प्रतिसादाने धाग्याला खोली आली. पाहिले जाण्याची इच्छा हीच शैलीची मुळातली प्रेरणा आहे, हे मी मनापासून मानतो, आणि त्यामुळेच गाठ आणि कापड यांच्या जुळणीविषयी मी आग्रही आहे.

कॉलरचा उल्लेख निघाला आहे तर तेही सांगून टाकतो. एल्ड्रेज आणि विंडसर यांचा त्रिकोण रुंद असतो. त्यांना दोन्ही टोके एकमेकांपासून दूर असलेली स्प्रेड कॉलर लागते. अरुंद कॉलरमध्ये अशी गाठ कोंबली की कॉलरची टोके उचलली जातात आणि टायचा वेढा बाजूने डोकावतो. बटण-डाउन कॉलरवर, म्हणजे जिची टोके सदऱ्याला बटणांनी अडकवलेली असतात तिच्यावर, फोर-इन-हँडखेरीज दुसरे काही बांधू नये. कॉलरमध्ये प्लास्टिकच्या किंवा धातूच्या पट्ट्या असतील तर त्या इस्त्रीच्या वेळी काढून ठेवून पुन्हा आठवणीने घालाव्यात. जड गाठीखाली त्यांचा खरा उपयोग होतो.

ज्यांना शिकायचे आहे त्यांनी सुरुवात फोर-इन-हँडपासूनच करावी. त्यात खळी पाडणे जमले की हाताला कापड कळू लागते. खळी गाठ आवळल्यावर पडत नाही, आवळताना पडते. रुंद टोक शेवटच्या पदराखालून ओवून घेतल्यावर तर्जनी मध्यभागी दाबून धरायची, अंगठा आणि मधल्या बोटाने दोन्ही कडा किंचित पुढे घ्यायच्या, आणि ती पन्हळ तशीच धरून दुसऱ्या हाताने गाठ वर सरकवायची. हे अंगवळणी पडले की प्रॅट, मग हाफ विंडसर आणि त्यानंतर ट्रिनिटी. एल्ड्रेज सर्वांत शेवटी, कारण तिच्यात प्रत्येक पेडाचा ताण वेगवेगळा सांभाळावा लागतो आणि एक पेड सैल राहिला तरी पुढचे सगळे सरकतात.

प्रतिसाद: डिसेंबरचा_नवरदेव

सर्वांचे आभार. साटिनचा टाय बाजूला ठेवला आणि त्याच रंगाचा एकरंगी रेशमी ट्विल शोधून आणला. चिमटीत धरून लोंबवला तर सरळ राहिला. सुईदोराताईंनी सांगितल्याप्रमाणे रुंद टोक चार बोटे वर ठेवल्यावर शेपूट कॉलरखाली व्यवस्थित पोहोचले आणि तासभर हिंडूनफिरूनही पेड हलले नाहीत. सदराही स्प्रेड कॉलरचा सांगितला आहे. आता शेवटची शंका. रिसेप्शननंतर ही गाठ सोडवायची कशी? एका मित्राने गाठ तशीच ठेवून टाय डोक्यावरून काढायचा सल्ला दिला आहे, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा बांधायला नको.

प्रतिसाद: सुईदोरा

तो सल्ला कृपया ऐकू नका. गाठ कपाटात तशीच राहिली तर घड्या कायमच्या बसतात आणि मागच्या शिवणीचा दोरा ताणलेलाच राहतो. काही महिन्यांनी तो तुटतो. शेपूट ओढून गाठ उपसूही नका, त्याने रेशमाचे धागे ओढले जातात. ज्या क्रमाने बांधली त्याच्या नेमक्या उलट क्रमाने, एकेक पेड मोकळा करत सोडवा. मग टाय अरुंद टोकापासून सैलसर गुंडाळून रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी टांगा. सुरकुत्या राहिल्याच तर न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफेत थोडा वेळ टांगून ठेवा. पाण्याचा थेंब उडणार नाही एवढे अंतर असू द्या, कारण रेशमावर पाण्याचाही डाग पडतो. इस्त्री थेट कधीही फिरवू नका. तिने टायच्या कडांची गोलाई दबून धार येते, आणि ती गोलाई नंतर परत आणता येत नाही.